कॅलेंडरवरचा धोबी

फराळाच्या डब्यांचा तळ दिसायला लागतो, तुळशीचं लग्न लागतं, ऊसतोडीच्या टोळ्या गावोगावच्या माळावर पालं ठोकतात आणि पहाटेच्या गारठ्यात चहाचं आधण ठेवताना हात जरा जास्तच वेळ शेगडीपाशी रेंगाळतो. हे दिवस आले, की आपल्या कोल्हापुरात पाहुणे उतरायला सुरुवात झालेली असते. ना बॅगा, ना आधी फोन, ना ‘चार दिवस राहू का?’ म्हणून विचारणं. येतात मात्र फार लांबून. कुणी हिमालयातून, कुणी तिबेटच्या पठारावरून, कुणी मंगोलियातून, तर कुणी थेट सैबेरियातून. आणि उतरतात कुठं? रंकाळ्यावर, कळंब्याच्या तलावात, पंचगंगेकाठच्या उसात, पन्हाळ्याच्या तटावर आणि हो, तुमच्या-आमच्या गच्चीवरसुद्धा!

मी पाखरांबद्दल बोलतेय, मैत्रिणींनो.

पक्षी बघायचे म्हणजे गळ्यात दुर्बीण, डोक्यावर टोपी, हातात भलामोठा कॅमेरा आणि रविवारी पहाटे घरातलं काहीही न आवरता निघून जायची मोकळीक, असा आपला समज असतो. ती मोकळीक आपल्यातल्या बहुतेक जणींना नसते, हे खरंच आहे. पण गंमत अशी, की पाखरांच्या वेळा आणि आपल्या वेळा अगदी जुळतात. उजाडल्यापासून पहिले दोन-अडीच तास पाखरांची सगळ्यात जास्त धावपळ असते. नेमकं त्याच वेळी आपण अंगणात सडा टाकत असतो, तुळशीला पाणी घालत असतो, गच्चीवर धुणं वाळत घालत असतो, नाहीतर पोरांच्या स्कूलबसची वाट बघत कोपऱ्यावर उभ्या असतो. फक्त मान वर करायची, एवढंच.

सुरुवात रंकाळ्यापासून करूया. संध्याकाळी भेळ खायला का होईना, तिथं आपण सगळ्याच जातो. एकदा संध्याकाळऐवजी सकाळी जाऊन बघा. चौपाटीवर गर्दी नसते, संध्यामठाच्या बाजूला पाणी शांत असतं. तिथं तपकिरी, खवल्याखवल्यांच्या अंगाचं एक मोठं बदक जोडीनं तरंगताना दिसेल. त्याची चोच नीट बघा. काळी चोच, टोकाला पिवळाधमक ठिपका आणि मुळाशी, कपाळाच्या बाजूला, दोन लाल ठिपके. मराठीत याचं नाव आहे हळदी-कुंकू बदक! इंग्रजांनी आपलं ‘ठिपक्याच्या चोचीचं बदक’ असं कोरडं नाव देऊन काम उरकलं. आपल्या नावात संक्रांतीचं अख्खं तबक आलं. हे नाव ठेवणारी बाईच असणार, याबद्दल माझी तरी पक्की खात्री आहे.

त्याच पाण्यावर काळ्याकुळकुळीत अंगाचा, पांढऱ्या चोचीचा आणि कपाळावर पांढरा टिळा लावल्यासारखा दिसणारा पक्षी असतो. तो वारकरी. कार्तिकीच्या सुमारास तलावांवर याचे थवे वाढायला लागतात. निव्वळ योगायोग, पण किती छान योगायोग!

हळदी-कुंकू काय, वारकरी काय किंवा वेलींतून लांब पायांनी चालणारी जांभळी पाणकोंबडी काय, ही आपली घरचीच माणसं. बारा महिने दिसतात. आता पाहुण्यांकडे वळू. थापट्या ओळखायला एकदम सोपा. गवंड्याच्या थापीसारखी रुंद चोच पाण्याला टेकवून हा पुढं पुढं सरकत राहतो, आपण चाळणीनं पीठ चाळावं तसं पाणी चाळत. तलवार बदकाची शेपटी टोकदार. भुवई बदकाच्या नराला डोळ्यांवरून मागं गेलेली ठसठशीत पांढरी भुवई. पण नोव्हेंबरात ती भुवई शोधत बसाल तर फसाल बरं का! विणीचा हंगाम संपला, की बदकांचे नर आपले झगमगीत कपडे उतरवून ठेवतात आणि मादीसारख्याच मळकट तपकिरी रंगात आपल्याकडे येतात. नवे पंख येत येत, संक्रांत उलटून गेल्यावर ते नटायला लागतात आणि नटून झाले की परत निघतात. म्हणजे आपल्याकडे राहायचं घरच्या कपड्यांत आणि ठेवणीतलं नेसायचं ते जाताना. माझ्या ओळखीत अशा दोन नणंदा आहेत, पण ते असो.

मोठ्या धरणांच्या कडेला, नदीच्या पुळणीवर कधी केशरी रंगाची जोडी दिसली, तर ते चक्रवाक. संस्कृत कवींनी रात्री एकमेकांपासून ताटातूट होणारं जोडपं म्हणून ज्यांना अमर केलं, तेच हे. प्रत्यक्षात त्यांची रात्री ताटातूट वगैरे काही होत नाही. लडाख-तिबेटकडून इतकी लांबची वाट तुडवून येतात बिचारी.

दरवर्षी एक प्रश्न हमखास कानावर येतो, “यंदा पक्षी आलेच नाहीत का हो?” बहुतेक वेळा ते आलेले असतात, पण विखुरलेले असतात. पाऊस दिवाळीपर्यंत रेंगाळला, की शेतात, ओढ्यात, खाणीच्या खड्ड्यांत सगळीकडेच पाणी असतं. मग बदकांनी तलावावरच का यावं? डिसेंबरात ही डबकी आटत गेली, की मग ती मोठ्या पाण्यावर गोळा होतात. शिवाय त्यांना हवं असतं ते उथळ, चिखलाच्या काठाचं पाणी. तलाव काठोकाठ भरलेला आपल्याला छान दिसतो, पण चिखलात चोच खुपसून पोट भरणाऱ्या तुतारीसारख्या छोट्या पाखराला तिथं उभं राहायलाही जागा नसते.

तलाव लांब पडत असेल, तर शेत आहेच. करवीर, कागल, शिरोळ, कुठंही जा, आता तोड सुरू झालेली असते. फड रिकामा झाला, की उघड्या पडलेल्या जमिनीवर किड्यांची मेजवानी. गायबगळे तर असतातच, पण त्यांच्या पायांत पायांत शेपटी हलवत पळणारे धोबी बघा. बांधावरच्या काटक्यांच्या टोकाला चिमणीएवढा गप्पीदास बसलेला असतो. दोन खडे एकमेकांवर आपटावेत तसा आवाज करतो, म्हणून बहुधा हे नाव. संध्याकाळी उसाच्या शेंड्यांवरून पंख किंचित वर धरून, अगदी खालून, एक मोठा शिकारी पक्षी शांतपणे फेऱ्या घालताना दिसला तर तो भोवत्या. घार समजून सोडून देऊ नका. घार एवढ्या खालून, एवढी संथ, जमिनीवर काही हरवल्यासारखी शोधत फिरत नाही.

आणि भोरड्या! ज्यांचं बालपण ज्वारीच्या शेतात गेलंय, त्यांना वेगळं सांगायला नको. गुलाबी अंग, काळं डोकं, डोक्यावर तुरा. मैनेचीच जात. शेकड्यांनी येतात आणि कणसांवर तुटून पडतात. “भोरड्या लागल्या गंऽऽ!” म्हणत माळ्यावर उभं राहून गोफण फिरवणाऱ्या आज्ज्या माझ्या पिढीनं बघितल्यात. ज्वारी मागं हटली, ऊस आला आणि गोफण कोनाड्यात गेली. पण भोरड्यांना नुसतं चोर म्हणणं अन्यायाचं होईल. मध्य आशियात, जिथं त्या पिल्लं वाढवतात, तिथं त्या टोळधाडीचा आणि नाकतोड्यांचा फडशा पाडतात. आपल्याकडेही दाण्याबरोबर किडे भरपूर खातात.

आता ज्यांच्यामुळं हा लेख लिहायला घेतला, त्या काकूंकडे येते. आमच्याच पेठेत राहतात. सत्तरी ओलांडलीय. “नाव बिव छापू नको गं, उगं गाजावाजा कशाला,” म्हणाल्या, म्हणून नाव लिहीत नाही. त्यांच्या स्वयंपाकघरात, फ्रीजच्या शेजारी, कालनिर्णय टांगलेलं असतं. तुमच्या घरी असतं तसंच. त्यावर दुधाचे खाडे, गॅस लावल्याची तारीख, कामवालीच्या सुट्ट्या, भिशीचा नंबर कुणाचा, लाईटबिल भरलं की नाही, सगळं बारीक अक्षरात. नवी सून घरात आली, त्या वर्षी ऑक्टोबरच्या पानावर तिला दिसलं, ‘धोबी आला’. ती बिचारी गोंधळली.

“आई, आपल्याकडं धोबी कुठं येतो? इस्त्रीवाले काका येतात की.”

काकू हसल्या आणि तिला हाताला धरून गच्चीवर घेऊन गेल्या. पाण्याची टाकी भरून वाहते तिथं, शेवाळलेल्या ओल्या जागेत, एक लहानसं पाखरू तुरुतुरु पळत होतं. करडी पाठ, पांढरा चेहरा, गळ्याखाली काळा रुमाल बांधल्यासारखा पट्टा आणि सतत वर-खाली होणारी लांब शेपटी. दगडावर धुणं आपटावं तशी. म्हणून तो धोबी. काही ठिकाणी परीट म्हणतात. “हा बघ आपला धोबी. नवरात्र आटोपलं की येतो. होळीच्या आसपास जातो.”

वजन म्हणाल तर वीस-बावीस ग्रॅम. वाटीभर पोह्यांएवढंही नाही. आणि हा जीव हिमालयाकडून किंवा त्याच्याही पलीकडून उडत येतो, आणि येतो तो बऱ्याचदा त्याच गावात, त्याच ओल्या कोपऱ्यात.

मी काकूंना विचारलं, “हे लिहायचं तुम्हाला सुचलं कसं?” त्यांचं उत्तर फार साधं होतं. “दूध आलं की लिहिते, गॅस आला की लिहिते. हा तर बिचारा न बोलावता येतो. ह्याची तारीख का लिहू नये?”

सुनेला आता त्यात गोडी लागलीय. तिनं जुनी कॅलेंडरं शोधायला काढली, तेव्हा कळलं, की बहुतेक सगळी दिवाळीच्या साफसफाईत रद्दीत गेली. काहींची पानं मांडणीच्या फळ्यांवर अंथरलेली. त्यातली एक-दोन तेलाच्या डागांखालून वाचता आली. हाती लागल्या त्या चारच वर्षांच्या तारखा. त्या चारही वर्षांत पहिला धोबी जेमतेम दोन आठवड्यांच्या फरकानं आलेला. आणि एका वर्षी मात्र नोव्हेंबरच्या शेवटच्या चौकोनात लिहिलेलं होतं, ‘धोबी नाही’. त्या वर्षी शेजारचा मोकळा प्लॉट, जिथं पावसाचं पाणी दिवाळीनंतरही साठून राहायचं, तिथं भराव पडून बांधकाम सुरू झालं होतं. पुढच्या वर्षी पाखरू परत दिसलं, पण प्लॉटवर नव्हे, टाकीपाशी.

हे ‘धोबी नाही’ मला फार मोलाचं वाटतं. आला हे सगळेच सांगतात. आला नाही, हे सांगायला रोज बघणारं माणूस लागतं. आठवड्यातून एकदा दुर्बीण घेऊन येणाऱ्याला ते कळत नाही. ज्या बाईचा दिवस त्याच गच्चीवर, त्याच ओट्याशी, त्याच खिडकीत उगवतो, तिलाच ते कळतं. ‘घरातच तर असते’ हे एरवी आपल्याला कमीपणानं ऐकवलं जातं ना? इथं तेच घरात असणं कामाला येतं.

आणि ‘नाही’ची ही गोष्ट एका पेठेपुरती नाही. ‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स’ नावाचा देशातल्या पक्ष्यांचा अहवाल २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यासाठी ३० हजारांवर पक्षीनिरीक्षकांनी केलेल्या सुमारे ३ कोटी नोंदी वापरल्या गेल्या. त्यांतले बहुतेक लोक शास्त्रज्ञ नव्हेत, तुमच्या-माझ्यासारखेच. गेल्या काही दशकांतला चढ-उतार नीट सांगता येईल एवढी माहिती ३३८ जातींबद्दल होती आणि त्यांतल्या ६० टक्के जाती घटल्याचं दिसलं. लांबून स्थलांतर करून येणाऱ्यांना तर स्थानिक पक्ष्यांपेक्षा जास्त फटका बसलेला आहे. आता यातली मेख बघा. देशात पक्ष्यांच्या जाती नऊशेच्या वर मोजल्या गेल्या, पण जुना-नवा हिशेब लावता आला तो जेमतेम तिसऱ्या हिश्श्याचा. बाकीच्यांच्या जुन्या नोंदीच पुरेशा नाहीत. कुणाच्या तरी मांडणीच्या फळीवर अंथरल्या गेल्या असतील!

पूर्वी बायका हे करत नव्हत्या असंही नाही. जमाल आरा हे नाव ऐकलंय? १९२३ साली बिहारमध्ये जन्मल्या. पक्षिशास्त्राची पदवी नव्हती. पण पाखरांच्या वह्या भरत भरत त्या इतकं शिकल्या, की १९४९ पासून पुढं त्यांचे कितीतरी लेख छापून आले आणि १९७० मध्ये नॅशनल बुक ट्रस्टनं त्यांचं मुलांसाठीचं पक्षीनिरीक्षणाचं पुस्तक काढलं. १९९५ मध्ये त्या गेल्या आणि जग त्यांना जवळजवळ विसरूनच गेलं. अलीकडे एका अभ्यासकानं त्यांची कहाणी शोधून काढली, तेव्हा ‘भारताची पहिली पक्षीतज्ज्ञ महिला’ म्हणून त्यांचं नाव पुन्हा घेतलं जाऊ लागलं.

आपल्या मराठीत तर मारुती चितमपल्लींनी पाखरांच्या नावांचा खजिनाच मांडून ठेवला. सोलापूरचे. वनखात्यात आयुष्य घालवलं आणि आदिवासींकडून, पारध्यांकडून, मच्छीमारांकडून नावं गोळा करून पक्षिकोश केला. ५ नोव्हेंबर हा त्यांचा जन्मदिवस आणि १२ नोव्हेंबर हा डॉ. सलीम अलींचा. म्हणून २०२० पासून आपलं राज्य या आठवड्याला ‘पक्षी सप्ताह’ म्हणतं. चितमपल्ली २०२५ च्या जूनमध्ये गेले, त्याच वर्षी त्यांना पद्मश्री मिळाली होती. सप्ताह मात्र बऱ्याचदा दिवाळीच्या धबडग्यात येतो, त्यामुळं शाळांना सुट्टी आणि आपण चकलीच्या सोऱ्यात. पण पाहुण्यांच्या येण्याचा काळही नेमका तोच.

मग नोंद करायची म्हणजे काय करायचं? तारीख, जागा, किती होते आणि काय करत होते. बास. नाव माहीत नसेल तर वर्णन लिहा, ‘चिमणीएवढा, पोट पिवळं, शेपटी हलवतो’. मोबाईलवर फोटो मिळाला तर उत्तम, नाही मिळाला तरी बिघडत नाही. मोजता आले नाहीत तर ‘अंदाजे पन्नास’ असं प्रामाणिकपणे लिहा. घरातल्या कॉलेजात जाणाऱ्या लेकीला ‘ई-बर्ड’ नावाच्या फुकट अ‍ॅपवर ते चढवायला सांगितलंत, तर तुमच्या गच्चीवरचा धोबी जगभरच्या नोंदींत जाऊन बसतो. तेवढं जमलं नाही, तर निदान एक करा. डिसेंबर संपला, की कॅलेंडर रद्दीत देऊ नका.

कधी कधी असंही काही दिसतं, की त्याची बातमी व्हावी. अमूर ससाणा हा त्यातला. कबुतरापेक्षाही लहान, दीडशे ग्रॅमचा शिकारी पक्षी. सैबेरिया आणि उत्तर चीनकडून निघतो आणि आफ्रिकेच्या दक्षिण टोकाकडे जातो. वाटेत ऑक्टोबर-नोव्हेंबरात नागालँड-मणिपुरात लाखोंनी थांबतो, मग भारत आडवा ओलांडून अरबी समुद्रावर झेप घेतो. समुद्रावर थांबायला जागा नाही, त्यामुळं एका दमात पलीकडचा किनारा गाठायचा. त्याआधी सह्याद्रीवर काही जण तास-दोन तास, एखादा दिवस विसावतात. लोणावळ्याच्या पठारांवर नोव्हेंबर-डिसेंबरात ते बघायला पुण्या-मुंबईचे लोक खास जातात. आपणही सह्याद्रीच्याच अंगाखांद्यावर राहतो. गगनबावड्याकडे, राधानगरीकडे, आंब्याकडे जाताना विजेच्या तारांवर गडद राखाडी अंगाचे, तांबूस लाल पायांचे ससाणे ओळीनं बसलेले दिसले, तर गाडी थांबवाच.

या ससाण्याची एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढं जाववत नाही. २०१२ साली नागालँडमधल्या पांगती गावाजवळ, दोयांग जलाशयाच्या काठी, मासेमारीची जाळी झाडांवर बांधून हे पक्षी धरले जात होते. एका हंगामात एक लाखाच्या वर मारले गेल्याचा अंदाज होता. बानो हरालू या नागा पत्रकार बाईंनी, आपल्या मराठी शशांक दळवींसह इतर तिघा साथीदारांबरोबर तिथं जाऊन ते चित्रित केलं आणि जगापुढं आणलं. पण त्या तिथंच थांबल्या नाहीत. गावात बसून लोकांशी, चर्चशी, शाळांतल्या मुलांशी बोलत राहिल्या, कारण गावाचं पोट त्यावर होतं, हे त्यांना ठाऊक होतं. पुढच्याच वर्षी, २०१३ च्या हंगामात, तिथं एकही ससाणा मारला गेला नाही. त्याच नोव्हेंबरात तीन ससाण्यांच्या पाठीवर छोटी यंत्रं बसवली, तेव्हा त्यांची नावं ठेवली नागा, वोखा आणि पांगती. जिथं त्यांची कत्तल व्हायची, त्याच गावाचं नाव. उपग्रहानं दाखवलं, की हे पक्षी नागालँडहून आफ्रिका अवघ्या पाच-सहा दिवसांत गाठतात.

दुसरे मानाचे पाहुणे म्हणजे पट्टकादंब हंस. पांढऱ्या डोक्यावर दोन काळे आडवे पट्टे, पिवळी चोच. तिबेट-मंगोलियातून येताना हिमालय ओलांडतात. यंत्रं लावलेल्या हंसांपैकी काही ७ हजार मीटरच्याही वर उडाल्याची नोंद आहे, जिथं आपल्याला दोन पावलं टाकली तरी धाप लागेल. आपल्या उत्तरेला, साताऱ्याच्या खटाव तालुक्यातल्या मायणी परिसरातल्या तलावांवर ते उतरतात. दक्षिणेला गदग जिल्ह्यातल्या मागडीच्या तलावावर तर दर हिवाळ्यात हजारोंनी असतात. तो तलाव २०२४ मध्ये रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळींच्या यादीत गेला. मागडीचे हंस रात्री-पहाटे आसपासच्या शेतांत चरतात आणि दिवसा पाण्यावर येऊन झोपा काढतात. या दोन्हींच्या मध्ये आपलं कोल्हापूर. नकाशा काढून बघा एकदा.

आता थोडं कडू बोलते. तलावाच्या काठी पाखरांना शेव, पाव, फुटाणे टाकू नका. पोरांना मजा वाटते, पण ते त्यांचं अन्न नव्हे, उरलेलं कुजून पाणी मात्र खराब होतं. रंकाळ्यानं जलपर्णीचे आणि सांडपाण्याचे दिवस बघितलेत. जलपर्णीची जाड सतरंजी पाण्यावर पसरली, की थापट्याला चाळायला उघडं पाणी उरत नाही. मूर्तिदानाची आणि निर्माल्य वेगळं देण्याची सवय कोल्हापूरकरांनी लावून घेतली, याचा मला खरंच अभिमान आहे. पण त्रिपुरारी पौर्णिमेला पहाटे हजारो पणत्यांनी पंचगंगेचा घाट उजळतो, तेव्हा त्या शांत उजेडात सुतळी बॉम्ब कशासाठी हवा? पाण्यावर झोपलेला अख्खा थवा अंधारात उठतो आणि भरकटत राहतो. हजारो मैल उडून आल्यावर मिळालेली ती विश्रांती असते. आणि घराभोवतीची सगळी मोकळी जागा फरशीनं मढवायची जी नवी हौस आलीय ना, ‘चिखल नको, स्वच्छ दिसतं’ म्हणून, त्यातला एक हातभर कोपरा तरी ओला आणि मातीचा ठेवा. कुंड्यांचं पाणी वाहून जातं तेवढा. धोब्याला तेवढा पुरतो.

शिवाजी विद्यापीठाच्या आवारात फिरायला जाणाऱ्या कितीतरी जणी आहेत. तिथले मोर सगळ्यांना ठाऊक. पण आता या दिवसांत झाडांच्या शेंड्यांतून बारीक, धारदार ‘चिविट्, चिविट्’ असा आवाज येत राहतो, तिकडंही कान द्या. तो हिमालयाकडून आलेला हिरवट वटवट्या. वजन आठेक ग्रॅम, रंग पानासारखाच, त्यामुळं दिसत नाही, नुसता ऐकू येतो. तुमच्या दारच्या आंब्यावरही असेल. एकदा आवाज ओळखता आला, की मार्चपर्यंत तो रोज भेटतो.

सवड काढून सगळ्या जणींनी जायचं असेल, तर दाजीपूर आहेच. गव्यांसाठी १९५८ मध्ये राखलेलं हे जंगल पुढं राधानगरी अभयारण्य झालं, ३५१ चौरस किलोमीटरचं. पावसाळ्यात बंद असतं, ते या दिवसांत पुन्हा खुलं झालेलं असतं. गवा दिसला नाही म्हणून हिरमुसून परतू नका. हिमालयातून उतरलेला नीलांग, मोरचुदासारख्या निळ्या रंगाचा, रस्त्याकडेच्या वठलेल्या फांदीवर बसून माशा टिपत असतो.

नाहीतर सरळ पन्हाळा गाठा. तिथं तीन दरवाजाच्या बाजूला तटाच्या दगडांवर एक एकटाच बसणारा निळसर-करडा पक्षी शोधायचा. निळा कस्तूर. हिवाळाभर हा आपली ठरलेली जागा धरून राहतो, दुसऱ्याला तिथं फिरकू देत नाही, आणि पुढच्या वर्षीही बहुधा तिथंच येतो. मादी निळी नसते, राखाडी-तपकिरी आणि पोटावर खवले. सावलीत बसला तर नर काळाच वाटतो, म्हणून ऊन तटावर येईपर्यंत थांबा. तोवर झुणका-भाकरी मागवा. खर्डा जरा बेतानं घ्या.